कर्णनाद

ज्यानें मनुष्याचा देह घडविला त्यानें डोळ्यांना पापण्या दिल्या, तोंडाला ओठ दिले. नाकहि चिमटींत धरून घटकाभर बंद ठेवतां येतें. कानाला मात्र त्यानें दार दिलें नाहीं. निजलेल्या माणसाचे डोळे मिटलेले असतात, पण कान जागेच असतात. मध्यरात्रीं मूल रडलें तर आईच्या डोळ्यांआधीं तिचा कान उठतो, तो यामुळेंच. दार नसल्याची ही उणीव आपल्या भाषेनें मोठ्या चातुर्यानें भरून काढली आहे. नको तें ऐकूं आलें कीं आपण कानांवर हात ठेवतों, फारच झालें तर कानांत बोळे घालतों, आणि शेजारधर्म म्हणून ऐकावेंच लागलें तर या कानानें ऐकून त्या कानानें सोडून देतों. या सर्व युक्त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, आवाज बाहेर असतो आणि आपण आंत असतों. आवाजच आंत राहावयास आला तर काय करावें, याची आपल्या वाक्प्रचारांत कांहींच तरतूद नाहीं.

गेलें दीड वर्ष आमच्या उजव्या कानांत असा एक आवाज मुक्कामास आहे. आयुर्वेदांत त्याला कर्णनाद म्हणतात. डॉक्टर मंडळी टिनिटस म्हणतात, आणि तो शब्द लॅटिन भाषेंतील ‘किणकिणणें’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. हें दुखणें प्राणघातक नाहीं, एकाचें दुसऱ्याला लागत नाहीं, आणि पाहणाऱ्याला दिसतहि नाहीं. अशा दुखण्यावर कोणी लेख लिहावा काय, हा प्रश्न आम्हीं स्वतःला विचारून पाहिला. परंतु चार स्नेह्यांजवळ विषय काढावा, तों त्यांपैकीं एखादा आवाज खालीं आणून म्हणे, “माझ्याहि कानांत येतो, घरीं बोललों नाहीं इतकेंच.” ज्या दुखण्याविषयीं माणसें घरींहि बोलत नाहींत, त्याविषयीं चारचौघांत बोलणें अगदींच अनाठायीं होणार नाहीं असें वाटून ही लेखणी उचलली आहे.

प्रकरणाचा आरंभ अगदीं क्षुल्लक होता. पावसाळ्यांत घरोघर येतें तसें आमच्याहि घरीं पडसें आलें. आठ दिवसांनीं त्यानें नाक सोडून कानाकडे मोर्चा वळविला. एक रात्र ठणक्यानें जागून काढल्यावर सकाळीं डॉक्टरांनीं कानांत दिवा धरून पाहिलें व मध्यकर्णाला संसर्ग झाल्याचें निदान केलें. औषध सुरू झालें. तिसऱ्या दिवशीं ठणका थांबला, पांचव्या दिवशीं ताप गेला, आणि पंधरवड्यानें पुन्हां पाहून डॉक्टर म्हणाले कीं संसर्ग गेला. तो गेला हें खरें. पण जातांना त्यानें दोन वस्तु मागें ठेवल्या. एक म्हणजे कानाला बसलेले दडे, आणि दुसरी म्हणजे हा आवाज.

दडे बसणें म्हणजे काय, हें पुण्यामुंबईचा प्रवास करणाऱ्यास सांगावयास नको. गाडी बोरघाट चढूं लागली कीं कान गच्च होतात, शेजाऱ्याचें बोलणें भिंतीपलीकडून आल्यासारखें वाटतें. मग एक आवंढा गिळावा, कानांत कांहीं तरी पट्‌कन् उघडावें, आणि जग पुन्हां जवळ यावें. आमचा घाट मात्र संपेना. आम्ही आवंढे गिळले, जांभया दिल्या, लिमलेटच्या गोळ्या चघळल्या. पण गाडी खंडाळ्याच्या आसपास जी अडकली ती अडकलीच.

डॉक्टरांनीं एक चित्र काढून कारण समजावून दिलें. कानाच्या पडद्यामागें हवेनें भरलेली एक चिमुकली खोली असते. हातोडी, ऐरण व रिकीब या नांवांचीं तीन हाडें तेथें एकमेकांना बिलगून असतात. त्यांतील रिकीब हें तर सबंध शरीरांतील सर्वांत लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरांचें. या खोलीला बाहेरची हवा मिळावी म्हणून सुमारें साडेतीन सेंटिमीटर लांबीची एक नळी नाकामागें घशांत उघडते. सोळाव्या शतकांतील युस्टाकी नांवाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञावरून तिचें नांव पडलें आहे. ती एरवीं मिटलेली असते. गिळतांना किंवा जांभई देतांना क्षणभर उघडते, आणि पडद्याच्या दोन्ही अंगांच्या हवेचा दाब सारखा करते. संसर्गानें तिचें अस्तर सुजलें म्हणजे ती उघडेनाशी होते. आंतली हवा हळूहळू शरीरांत शोषली जाते, पडदा आंत ओढला जातो, खोलींत पाणी सांचतें, आणि कान कोणी आंतून अंगठ्यानें दाबून धरल्यासारखा वाटतो. कानाला दार नाहीं असें आम्हीं वर म्हटलें. तें दिसणाऱ्या बाजूपुरतेंच खरें. आंतल्या बाजूस त्याला एक दार आहे, फक्त त्याची किल्ली आपल्या हातीं नसते.

या काळांत सर्वांत चमत्कारिक झाला तो आमचाच आवाज. रांजणांत तोंड घालून बोलावें तसें आमचें प्रत्येक वाक्य आमच्याच डोक्यांत घुमे. वर्गावर व्याख्यान देणें हा ज्याचा धंदा, त्याला स्वतःचाच आवाज तासभर असा ऐकावा लागणें ही शिक्षा कांहीं लहान नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांविषयींची आमची सहानुभूति या दिवसांत पुष्कळच वाढली. मागच्या बाकावरून प्रश्न आला तर डावा कान पुढें करावा लागे. डॉक्टरांनीं नादकांटा वाजवून त्याची दांडी आमच्या कपाळाच्या मध्यभागीं टेकविली, तेव्हां त्याचा सूर आजारी कानांतच मोठा ऐकूं आला. बाहेरून येणारा गलबला अडला म्हणजे हाडांतून येणारा आवाज त्या कानांत अधिक उठून ऐकूं येतो, म्हणून असें होतें. नाक दाबून हळूच फुंकण्याचा एक उपाय आहे, त्याचें वर्णन व्हाल्साल्वा नांवाच्या दुसऱ्या एका इटालियनानें १७०४ सालीं केलें आहे. तोहि संसर्ग पुरता गेल्यावर आणि बेतानें करण्याची परवानगी मिळाली. अखेर तीन महिन्यांनीं दडे सैल झाले, सहाव्या महिन्यांत सुटले, आणि आतां पडसें आलें तरच ओळख देऊन जातात. शरीराला वेळ दिला तर बरींच कामें तें आपण होऊन करतें, हा धडा त्यांत मिळाला. आवाज मात्र गेला नाहीं.

तो आवाज कसा, असें कोणी विचारलें म्हणजे आम्हांला संकोच वाटतो. वर्णन करणें हा ज्याचा पेशा, त्यानें येथें अडखळावें! पावसाळी रात्रीं दूरच्या झाडींत रातकिडे किरकिर करतात, त्यांतल्या एकाच रातकिड्यानें श्वास न घेतां तोच सूर धरून ठेवावा, असें म्हटलें तर थोडें जवळ येतें. शेजारच्या इमारतींतल्या कुकरची शिट्टी संपण्याआधीं जी बारीक होते, तिच्या त्या शेवटल्या टोकालाहि तो मिळताजुळता आहे. दिवसां रस्त्याच्या वर्दळींत तो बुडून जातो. रात्रीं दिवा मालवला कीं उशीपाशीं येऊन बसतो. प्रथम तो स्पष्ट ऐकूं आला त्या रात्रीं आम्हीं पत्नीला उठवून विचारलें, “तुला कांहीं ऐकूं येतें का?” तिनें श्वास रोखून कानोसा घेतला. खिडकी उघडून पाहिली. मग म्हणाली, “नाहीं हो. किती शांत आहे!”

या दुखण्याचें खरें स्वरूप आम्हांला त्या तीन शब्दांत कळलें. ताप असला तर थर्मामीटर साक्ष देतो. हाड मोडलें तर क्ष-किरणांचें चित्र साक्ष देतें. कावीळ डोळ्यांत दिसते, दमा तर दाराबाहेर ऐकूं येतो. कर्णनादाला साक्षीदार नाहीं. रोगी म्हणतो तेंच त्याचें प्रमाण. आणि न्यायशास्त्र शिकलेल्यांस ठाऊक आहे कीं, फिर्यादीची एकट्याची जबानी फार वेळ टिकत नाहीं. भेटावयास येणारी मंडळी सहृदय होतीं, परंतु प्रत्येकाजवळ आपला निकाल तयार होता. एकानें वयाकडे बोट दाखविलें. एकानें रक्तदाबाकडे. एक सहकारी म्हणाले कीं, उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस आले कीं आमच्याहि कानांत असेंच होतें. बहुतेकांचा सल्ला एकच, “लक्ष देऊं नका.” हा सल्ला शेवटीं खरा ठरतो, हें पुढें सांगणार आहोंत, परंतु त्या वेळीं तो उपाशी माणसाला ‘भुकेकडे लक्ष देऊं नका’ म्हणण्यासारखा वाटे. कारण त्यामागें न बोललेलें एक वाक्य असे: आवाज आहे कोठें?

याला अपवाद निघाल्या त्या आमच्या गांवाकडच्या वृद्ध आत्याबाई. त्यांनीं येतांना लसूण घालून कढविलेलें तेल आणि ओव्याची पुरचुंडी बरोबर आणली होती. पुरचुंडीचा कोरडा शेक घ्यावयास डॉक्टरांनीं हरकत घेतली नाहीं. तेलाला मात्र साफ नकार दिला, कारण दुखून उठलेल्या कानाचा पडदा शाबूत आहे कीं नाहीं हें पाहिल्याशिवाय त्यांत कांहींच घालूं नये. आत्याबाईंनीं तेलाची बाटली परत पिशवींत ठेवली आणि म्हणाल्या, “अरे, वाजतं म्हणतोस ना, मग वाजत असणारच. तुला का खोटं बोलायची हौस आहे?” तेल पोटांत न जातां, कानांत न जातां, केवळ त्या वाक्यानें आम्हांला त्या रात्रीं झोंप लागली.

पुढें डॉक्टरांनीं श्रवणमापनासाठीं एका तज्ज्ञ बाईंकडे पाठविलें. एका लहानशा, आवाज न येणाऱ्या खोलींत बसवून कानांवर यंत्र चढविलें, आणि निरनिराळ्या उंचीचे सूर ऐकविले. कोणत्या सुराला आमची ऐकण्याची शक्ति कमी पडते, हें प्रथम मोजून झालें. मग बाई म्हणाल्या, “आतां तुमच्या आवाजासारखा सूर आला कीं हात वर करा.” सूर चढत गेले. ४,००० हर्ट्‌झ झाले, ५,००० झाले; ६,००० च्या आसपास एक सूर आला आणि आमचा हात आपोआप वर गेला. तोच तो! जो आजवर केवळ आमच्या एकट्याच्या मालकीचा होता, तो आतां एका यंत्रांतून निघत होता. आम्हीं बाईंना विनंति केली कीं, बाहेर आमची पत्नी बसली आहे, तिलाहि हा ऐकवा. तिनें यंत्र कानाला लावलें, थोडा वेळ ऐकलें, आणि उतरवून हातांत धरलें. “हा? रात्रंदिवस?” एवढेंच ती म्हणाली. पुढें तिला बोलवेना. परतीच्या वाटेवर आम्ही दोघेंहि गप्प होतों; पण ती चुप्पी आदल्या चार महिन्यांतल्या चुप्पीसारखी नव्हती.

त्याच कागदावर आणखी एक आंकडा होता, आणि तो वाचून आम्ही थोडे खजील झालों. आवाजाची उंची मोजल्यावर बाईंनीं त्याचा मोठेपणाहि मोजला होता. आमच्या ऐकूं येण्याच्या सीमेवर तो जेमतेम ७ डेसिबल भरला. म्हणजे कुजबुजीपेक्षांहि लहान! ज्यानें आमची झोंप नेली, वाचन नेलें, स्वभाव चिडखोर केला, तो राक्षस तागडींत घातल्यावर चिलटाएवढा निघाला. बाई म्हणाल्या कीं, बहुतेक रोग्यांचें असेंच असतें. आवाजाचा मोठेपणा आणि त्याचा जाच, यांचा मेळ बसतोच असें नाहीं. मग जाच येतो कोठून?

याविषयीं शास्त्रज्ञांनीं जें शोधून काढलें आहे तें थोडक्यांत असें. आंतल्या कानाच्या शंखांत सुमारें १५,००० केसाळ पेशी असतात. बाहेरच्या कंपनांचें त्या मज्जातंतूंच्या भाषेंत भाषांतर करतात. मनुष्यांत या पेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. कांहीं पेशी निकामी झाल्या, किंवा कांहीं काळ आवाजच आंत पोंचेनासा झाला, म्हणजे मेंदूला त्या सुरांची बातमी येईनाशी होते. तेव्हां मागच्या बाकावरचें ऐकूं येईना म्हणजे मास्तर जसा कान टवकारतो, तसा मेंदूहि त्या हरवलेल्या सुरांसाठीं कान टवकारतो. आणि त्या अति टवकारण्यांतून मेंदूची स्वतःचीच कुजबुज त्याला आवाज म्हणून ऐकूं येऊं लागते, असें एक मोठें मत आहे. हात कापला गेलेल्या माणसाला नसलेला हात दुखतो, त्याच जातीची ही गोष्ट.

परंतु एवढ्यानें जाचाचा उलगडा होत नाहीं. १९५३ सालीं हेलर व बर्गमन या दोन संशोधकांनीं ज्यांचे कान अगदीं धड होते अशा ८० माणसांना एकेक करून ध्वनिरोधक खोलींत बसविलें, आणि काय ऐकूं येतें तें लिहावयास सांगितलें. शेंकडा ९४ जणांनीं कांहीं ना कांहीं आवाज ऐकूं आल्याचें लिहिलें. म्हणजे पुरती शांतता बहुतेकांच्या कानांत नाहींच. त्यांना ती आहे असें वाटतें, कारण मेंदूनें तो आवाज बिनमहत्त्वाचा म्हणून बाजूस टाकलेला असतो. लोहमार्गाच्या कडेला राहणाऱ्याला गाडीच्या खडखडाटानें जाग येत नाहीं. एखाद्या रात्रीं गाडी आलीच नाहीं तर येते. याच्या उलट, घरांत चोर शिरल्याचा संशय आला कीं उंदराच्या पावलानेंहि छातींत धस्स होतें. नवा, अनोळखी, आंतूनच उठणारा आवाज मेंदू चोराच्या सदरांत टाकतो, आणि चौकीदाराला जागें ठेवतो. चौकीदार जागा म्हणून आवाज मोठा, आणि आवाज मोठा म्हणून चौकीदार जागा. १९९० सालीं जास्त्रेबॉफ यांनीं कर्णनादाविषयीं जी उपपत्ति मांडली तिचा रोख हाच होता. आणि आजचे उपचारहि आवाज बंद करण्यापेक्षां चौकीदाराला निजविण्याच्याच दिशेचे आहेत. या आवाजाला समूळ घालविणारी खात्रीची गोळी अद्यापि निघालेली नाहीं.

हें वाचल्यावर आमच्या ध्यानांत एक विलक्षण गोष्ट आली, आणि या लेखांत सांगण्याजोगी तीच एक आहे. कर्णनाद सुसह्य व्हावयास दोन समजुती लागतात, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. आवाज आहे, असा विश्वास दुसऱ्यांनीं ठेवला पाहिजे. आणि तो आवाज जें सांगतो तें खरें नाहीं, असा विश्वास आपण ठेवला पाहिजे. ‘धोका आहे, जागा राहा,’ एवढेंच तो घटकोघटकीं सांगत असतो, आणि धोका तर नसतो. पहिली समजूत जमल्यावांचून दुसरी जमत नाहीं. ज्याच्या म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं तो आपला आवाज सिद्ध करण्यांत गुंततो. सिद्ध करावयाचा म्हणजे त्याचा पाठलाग करावा लागतो, तो आहे ना, वाढला ना, हें पुनःपुन्हां पाहावें लागतें. आणि ज्याचा पाठलाग करावा तें विसरावें कसें? ‘लक्ष देऊं नका’ हा सल्ला याचसाठीं अर्धा आहे. आधीं दुसऱ्या कोणी तरी लक्ष दिलें, तरच रोग्याला लक्ष काढून घेतां येतें.

साक्षीदार नसण्याचें हें दुःख मोठमोठ्यांनाहि चुकलेलें नाहीं. १८०१ सालच्या जूनमध्यें बीथोव्हेननें आपला डॉक्टर मित्र वेगेलर याला लिहिलेल्या पत्रांत, कान रात्रंदिवस गुणगुणत असल्याचें सांगितलें आहे. आणि ‘मला ऐकूं येत नाहीं’ हें लोकांना सांगतां येत नाहीं म्हणून आपण दोन वर्षें माणसांत जाणें टाळीत असल्याचेंहि. रूसोनें आपल्या आत्मचरित्राच्या सहाव्या भागांत कानांतल्या चार निरनिराळ्या आवाजांची यादीच दिली आहे, आणि ते पुढें तीस वर्षें सुटले नाहींत असें लिहिलें आहे. चेक संगीतकार स्मेतानानें तर याहून धीट मार्ग काढला. १८७४ सालीं त्याचे कान गेले. १८७६ सालीं त्यानें आपल्या जीवनावर जी चौवाद्यरचना केली, तिच्या शेवटच्या भागांत आनंदाच्या भरांत एकाएकीं व्हायोलिनचा एक अति उंच सूर लांबत जातो. तो त्याच्या कानांतला सूर होय. आपला आवाज दुसऱ्यांना ऐकवावा, ही भूक त्यानें एकट्यानें अशी भागविली. आम्हांला त्यासाठीं तज्ज्ञ बाईंचें यंत्र पुरलें. आणि जोसेफ टॉयन्बी याची कथा तर करुणच आहे. हा लंडनचा नामांकित कर्णवैद्य, इतिहासकार आर्नोल्ड टॉयन्बी याचा आजा. क्लोरोफॉर्मची वाफ कानांत पोंचविली तर कर्णनाद थांबतो काय, हें तो स्वतःवर अजमावून पाहात असतां १८६६ सालीं त्याचा अंत झाला. आवाजाचा पाठलाग कोठवर नेतो याचें याहून भयंकर उदाहरण आम्हांला ठाऊक नाहीं.

आमच्याकडील जुन्या ग्रंथांत याच विषयाचा एक मौजेचा योग आढळतो. माधवनिदानांत कर्णनादाचें लक्षण सांगतांना, रोग्याच्या कानांत भेरी, मृदंग, शंख यांसारखे आवाज येतात असें म्हटलें आहे. आणि बासरीसारखा आवाज येतो त्याला कर्णक्ष्वेड असें वेगळें नांव दिलें आहे. आतां हठयोगप्रदीपिकेचा चौथा उपदेश उघडावा. तेथें नादानुसंधान करणाऱ्या योग्याला क्रमाक्रमानें जे नाद ऐकूं येतात त्यांची यादी आहे, आणि त्या यादींतहि भेरी आहे, शंख आहे, वेणु आहे! एकाच वाद्यवृंदाला वैद्यानें रोगाच्या प्रकरणांत घातलें, आणि योग्यानें सिद्धीच्या. यावरून कोणी असें म्हणूं नये कीं आमच्या कानांतला रातकिडा म्हणजे अनाहत नाद होय. तसें सुचविणारे दोन स्नेही आम्हांला भेटले. आम्हीं त्यांना, हा नाद हवा असेल तर घेऊन जा, असें सांगितलें. योगी त्या नादाकडे स्वतःच्या इच्छेनें जातो. आमच्याकडे नादच न विचारतां आला. पण एक गोष्ट त्या योगांतून घेण्याजोगी आहे. कानांत काय वाजतें यापेक्षां ऐकणारा त्याला काय समजतो, यावर रोग कीं सिद्धि हें ठरतें, एवढें तर वैद्य आणि योगी या दोघांचीं पानें शेजारीं ठेवल्यावर दिसतेंच.

प्रत्यक्षांत आम्हीं जें केलें तें अगदीं साधें आहे. निःशब्द खोलींत एकटें बसणें सोडलें. रात्रीं पंखा चालू ठेवूं लागलों. त्याच्या घरघरींत कानांतला सूर पुरता बुडत नाहीं, पण एकटाहि उरत नाहीं. थंडी नको असेल तेव्हां मोबाइलवर तंबोरा अगदीं हळू लावतों. फिरावयास जाणें वाढविलें. आवाज आज किती आहे, याची टिपणवही ठेवण्याचा मोह होता, तो टाळला. तज्ज्ञ बाईंनीं शिकविल्याप्रमाणें आवाज ऐकूं आला कीं ‘आहेस का? बरें,’ इतकेंच मनांत म्हणून हातांतलें काम पुढें चालवावयाचें. बिऱ्हाडकरू घर सोडीत नाहीं, हें एकदां पटलें म्हणजे माणूस रोज त्याच्या दाराशीं जाऊन भांडत नाहीं. जिन्यांत भेटला तर नमस्कार करून पुढें जातो. वाचकांस एक दोन गोष्टी मात्र गंभीरपणें सांगावयाच्या आहेत. एका कानानें एकाएकीं ऐकूं येईनासें झालें, तर ‘दडे असतील, सुटतील,’ म्हणून वाट पाहूं नये. त्याच दिवशीं, निदान दुसऱ्या दिवशीं तरी कानाच्या डॉक्टरांस गांठावें, कारण त्या दुखण्यांत उपचाराचे दिवस थोडे असतात. तसेंच आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येऊं लागला, किंवा सोबत चक्कर येऊं लागली, तर ती वेगळी बाब समजून दाखवावी. आणि कानांत काडी, पीन, तेल यांपैकीं कांहींहि घालूं नये.

जें गेलें तेंहि सांगितलें पाहिजे. नाहीं तर हा लेख म्हणजे नुसता समाधानाचा पाठ होईल. ‘लिअर’ नाटकांतला शेवटचा प्रवेश वर्गांत वाचून पुस्तक मिटलें म्हणजे क्षणभर साठ तरुण माणसांची जी शांतता पसरते, तिच्यासाठींच आम्ही इतकीं वर्षें या धंद्यांत राहिलों असें म्हटलें तरी चालेल. दुखण्यानंतर प्रथम तो प्रवेश वाचला, पुस्तक मिटलें, आणि त्या शांततेंत रातकिडा वाजला. आमचे डोळे भरून आले, ते कॉर्डेलियासाठीं खास नव्हेत. आपली उरलेली सगळी शांतता आतां अशीच असणार, हें त्या क्षणीं प्रथम कळलें. पण मान वर केली तों समोर तीं साठ तोंडें होतीं, आणि त्यांच्यावर ती शांतता जशीच्या तशी होती. तिला तडा गेलेला नव्हता. ती आमच्या कानांत असते असें आम्ही आजवर समजत होतों. ती त्यांच्या तोंडांवर होती, आणि डोळ्यांनींहि ऐकतां येत होती. जें राहिलें तें पुरेसें आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. तें राहिलें आहे, इतकेंच म्हणतों.

घरींहि एक बदल झाला. त्या श्रवणमापनाच्या दिवसापासून आमची पत्नी रोज सकाळीं चहाबरोबर विचारी, “आज कसा आहे?” जणूं घरांत कोणी आजारी वडील माणूस निजलें आहे. एके दिवशीं तिनें असें विचारलें, आणि विचारतांच तो ऐकूं आला. म्हणजे उठल्यापासून तोंवर तो ऐकूं आला नव्हता. आम्हीं तिला हें सांगितलें. दुसऱ्या दिवसापासून तिनें विचारणें सोडलें. एरवीं तिला पंख्याचा वारा मुळींच सोसत नाहीं. गेल्या पौषांत, पुण्याला हुडहुडी भरली होती त्या रात्रीं, आम्ही पंखा बंद करावयास उठलों, तों ती कुशीवर वळून म्हणाली, “राहूं द्या.” आणि दुसरी गोधडी डोक्यावरून ओढून घेऊन ती झोंपीं गेली.